मोटर-कंट्रोलरची चाचणी थेट स्पेकमधून: जिगच्या नोंदी (इंदूर, मार्च-एप्रिल २०२५)

३ मार्च, सोमवार

काम: १ एचपी सिंगल-फेज पाण्याच्या मोटरचा कंट्रोलर. इंदुरात नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर वर चढून येते आणि बऱ्याच वस्त्यांत नळ एक दिवसाआड असतो. म्हणून घरोघरी खाली हौद, वर टाकी आणि मधे मोटर. कंट्रोलर चुकला तर वाइंडिंग (मोटरमधल्या तारेचे वेढे) जळते किंवा गच्चीवरून पाणी वाहते.

बोर्डावरची कंट्रोलर-चिप एसटीएम३२एफ१०३सी८टी६ (पुढे नुसते एफ१०३), सी भाषेतला कोड साधारण ११०० ओळी. हाताने लिहिलेल्या चाचण्या सगळ्या पास होत्या, तरी कंट्रोलर परत येत होते. म्हणून आता चाचण्या माणसाने न लिहिता मागणीपत्रकाच्या (म्हणजेच स्पेकच्या) औपचारिक, गणिती नियमांत लिहिलेल्या मॉडेलमधून काढायच्या आणि खऱ्या बोर्डावर चालवायच्या.

मागणीपत्रक एक पानी आहे. टाकी रिकामी, हौदात पाणी आणि व्होल्टेज १८० ते २५० असेल तर मोटर २ सेकंदांत सुरू. टाकी भरली किंवा हौद संपला की १ सेकंदात बंद. बंद झाल्यावर ९० सेकंद पुन्हा सुरू होता कामा नये. सुरू झाल्यावरचे पहिले ५ सेकंद सोडून करंट सलग ८ सेकंद मर्यादेखाली राहिला तर ड्राय-रन (मोटर पाण्याविना फिरते आहे): मोटर बंद, बझर चालू, बटण दाबेपर्यंत कुलूप. व्होल्टेज सलग ३ सेकंद हद्दीबाहेर गेले तर बंद.

प्रत्येक फेल चाचणीपुढे तीनपैकी एक खूण करायची: 'स्पे' म्हणजे स्पेक चूक, 'जि' म्हणजे जिग (चाचणी घेणारी मांडणी) चूक, 'फ' म्हणजे फर्मवेअर (बोर्डावरचा कोड) चूक. ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा. आठवड्याने आठवत नाही.

४ मार्च

हत्यार, म्हणजे मॉडेल तपासणारा प्रोग्रॅम (तपासनीस), निवडण्यात अर्धा दिवस गेला. वेळेच्या मागण्यांसाठी उप्पाल सोयीचे, कारण त्यात घड्याळे अंगचीच असतात. पण ते शैक्षणिक वापरापुरते फुकट आहे, विकायच्या मालासाठी परवाना घ्यावा लागतो. म्हणून नूएसएमव्ही घेतले. ते मुक्त आहे आणि त्याचे उत्तर साध्या मजकुरात येते, त्यामुळे स्क्रिप्टने वाचता येते. त्याची किंमत अशी की वेळ आपणच मोजायची. मॉडेलची एक पायरी म्हणजे १ सेकंद, आणि ९०, ८, ५, ३ साठी चार मोजके.

अवस्था चार: थांबलेली, चालू, विश्रांती, कुलूप. संक्रमणे १४. मॉडेलमध्ये 'शेवटचे संक्रमण' नावाचे एक जास्तीचे चल ठेवले आणि त्यावर १४ सापळे लावले. 'शेवटचे संक्रमण कधीच ७ नसते' असे मुद्दाम खोटे विधान करायचे. तपासनीस ते खोडतो आणि खोडताना जे प्रतिउदाहरण देतो तीच सातव्या संक्रमणाची चाचणी: कोणत्या सेकंदाला कोणते इनपुट द्यायचे आणि मोटर काय करायला हवी. सापळे अपरिवर्तनीय (प्रत्येक अवस्थेत खरे असायला हवे असे) विधान म्हणून लिहावेत. त्यात सर्वात आखूड वाट मिळते. एलटीएलमध्ये (वेळेच्या क्रमाबद्दलच्या तर्कभाषेत) लिहून पाहिले तर वाटेत फुकटचे वळसे येत होते.

५ मार्च

१४ पैकी ११ सापळे खोडले गेले, ३ 'खरे' निघाले. म्हणजे ती तीन संक्रमणे घडूच शकत नाहीत. एक आमची टायपिंगची चूक. उरलेल्या दोहोंत मॉडेलच अडकत होते, पुढची पायरीच नव्हती. अडकणारे मॉडेल हा वाईट प्रकार आहे. त्यात 'कधीच होत नाही' हे विधान फुकटात खरे ठरते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. संक्रमण-संबंध पूर्ण आहे का, हे तपासण्याची आज्ञा नूएसएमव्हीत आहे. ती सर्वात आधी चालवायला हवी होती.

अडकण्याचे कारण मात्र कामाचे निघाले. वरचा फ्लोट 'भरली' म्हणतो आणि खालचा 'रिकामी' म्हणतो, दोन्ही एकाच वेळी. फ्लोट शेवाळाने चिकटला की हे होतेच, पण मागणीपत्रक त्याबद्दल गप्प. खूण: स्पे. नवी मागणी: दोन्ही फ्लोट विसंगत असतील तर मोटर बंद आणि बझर.

दुसरी भानगड कुलपाची. ड्राय-रननंतर ४० व्या सेकंदाला कुणी बटण दाबले तर? 'बटण दाबेपर्यंत कुलूप' म्हणजे लगेच सुरू, 'बंद झाल्यावर ९० सेकंद' म्हणजे थांबा. दोन वाक्ये एकमेकांशी भांडतात. ठरले: विश्रांती वरचढ. हेही स्पे.

तिसरी: वीज गेली आणि आली तर सुरुवात कुठून? कागदावर नव्हते. सुरुवात विश्रांतीतूनच. संक्रमणे आता १७.

एका ओळीचेही फर्मवेअर अजून चालवलेले नाही आणि वहीत तीन 'स्पे' आहेत.

७ ते ११ मार्च

जिग बांधले. चाचणी करणारा दुसरा तसलाच बोर्ड, पण त्यावर क्रिस्टल. (कंट्रोलरवर पैसे वाचवायला क्रिस्टल नाही, चिपच्या आतला, कमी अचूक असा ८ मेगाहर्ट्झचा आरसी दोलक घड्याळ म्हणून वापरला आहे. हे पुढे येईल.) फ्लोटच्या जागी तीन ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारे स्विच), व्होल्टेज आणि करंटसाठी पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद करून हवा तो व्होल्ट देणे), आणि कंट्रोलरच्या रिलेचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) संपर्क परत चाचणी-बोर्डावर. मोटर नाही. रिलेवर ० किंवा ३.३ व्होल्ट एवढेच.

खर्च: दोन बोर्ड ४६०, प्रोग्रॅमर ३५०, ऑप्टो व फुटकळ माल २८०, यूएसबी-सीरियल २२०, वायर-ब्रेडबोर्ड ३४०. एकूण १६५० रुपये, सगळे जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून.

दोनपैकी एका बोर्डावरची चिप नक्कल निघाली. प्रोग्रॅमर जोडला की ओळख-क्रमांक १बीए०१४७७ ऐवजी २बीए०१४७७ येतो आणि ओपनओसीडी (बोर्डात कोड भरणारे सॉफ्टवेअर) नकार देते. सेटिंगमध्ये अपेक्षित क्रमांक बदलला की चालते. नक्कल चिप चाचणी-बोर्डाला वापरली. ज्याची परीक्षा घ्यायची तो बोर्ड मात्र अस्सलच हवा, नाहीतर दोष कुणाचा हे ठरत नाही.

१३ मार्च

पहिली फेरी. १७ पैकी १६ फेल. इतके फेल आले की फर्मवेअरकडे बघायचेच नाही, आधी जिग.

पहिला दोष आमच्या स्क्रिप्टमध्ये. नूएसएमव्ही प्रतिउदाहरण छापताना त्या पायरीला जेवढी चले बदलली तेवढीच छापतो. स्क्रिप्ट न दिसलेल्या चलाला शून्य धरत होती. म्हणजे हौदात पाणी पहिल्या सेकंदापुरते, पुढे कोरडा. मागची किंमत पुढे नेण्याची दोन ओळींची दुरुस्ती झाली. सगळी चले छापणारा पर्यायही त्यात आहे, तो निवडला तर हा प्रश्नच येत नाही. खूण: जि. दोन दिवस यातच गेले.

१५ मार्च

आता १७ पैकी ९ फेल, त्यातले ७ ड्राय-रनचे. करंट 'पुरेसा' दिला तरी कंट्रोलर ड्राय-रन म्हणतो.

जिग करंटच्या जागी स्थिर डीसी देत होते. फर्मवेअर मात्र सीटीचा (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) ५० हर्ट्झ सिग्नल मधल्या १.६५ व्होल्टभोवती मोजते आणि मधला भाग वजा करून आरएमएस (परिणामी सरासरी) काढते. डीसीचा आरएमएस अर्थातच शून्य. २० किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमवर साइनचा तक्ता चालवला, पुढे १० किलो-ओम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा गाळक, म्हणजे छेद (ज्याच्या वरची कंपने गाळली जातात) सुमारे १६० हर्ट्झ.

तरी वाचन कमी. एफ१०३च्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) नमुना घ्यायला १.५ चक्रे दिली असतील तर १४ मेगाहर्ट्झवर समोरचा रोध ०.४ किलो-ओमपर्यंतच चालतो. आमचा १० किलो. आतला कपॅसिटर भरतच नाही. खऱ्या कंट्रोलरवर सीटीच्या दोन टोकांत ३३ ओमचा रोध आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून फर्मवेअरला हात लावायचा नाही, जिगमध्येच बफर (सिग्नलला जोर देणारा भाग) घालायचा. एलएम३५८ ही चिप, ५ व्होल्टवर. ३.३ व्होल्टवर चालवला तर वरचा सव्वा-दीड व्होल्ट तो देतच नाही.

१९ मार्च, बुधवार

एलएम३५८ संपला होता. आज रंगपंचमी, राजवाड्याभोवती गेर (रंगांची मिरवणूक), जेल रोड बंद. दिवस गेला. इंदुरात मार्चमध्ये काम धरले असेल तर ही तारीख आधीच धरून चाला.

२१ मार्च

१७ पैकी ४ फेल. पैकी तीन रिलेच्या थरथरीचे: संपर्क बसताना दोन-चार मिलिसेकंद उडतो आणि नोंदीत 'चालू-बंद-चालू' दिसते. चाचणी-बोर्डावर २० मिलिसेकंदांचा डीबाउन्स (तेवढ्या वेळातली थरथर न धरणे) घातला. कच्च्या कडा मात्र वेगळ्या फायलीत ठेवल्या, आणि ते बरे झाले, कारण चौथा फेल त्यातूनच उलगडला. वीज दिली की मोटर सुमारे ३५० मिलिसेकंद चालू होऊन बंद होते.

वहीतली ही पहिली 'फ'. रिले मॉड्यूलला जाणारी पिन लो (० व्होल्ट) झाली की रिले चालू होतो. कोडमध्ये पिन आधी आउटपुट केली जाते, मग एलसीडीची तयारी होते (तेच ते ३५० मिलिसेकंद) आणि त्यानंतर पिन हाय होते. आउटपुट रजिस्टर रीसेटला शून्य असते, त्यामुळे पिन आउटपुट होताच लो जाते. दुरुस्ती: आधी रजिस्टरमध्ये हाय लिहा, मग पिन आउटपुट करा. संध्याकाळी वीज चारदा लपंडाव खेळली की मोटरला चार धक्के. हाताच्या चाचण्यांत हे दिसले नाही, कारण त्या वीज दिल्यावर सुरू होत, वीज देताना नव्हे.

२२ मार्च

१७ चाचण्यांना ४५ मिनिटे लागतात, कारण प्रत्येक चाचणी रीसेटने सुरू होते आणि रीसेट म्हणजे ९० सेकंदांची विश्रांती. 'काही होत नाही' हेही निरीक्षणच आहे, त्याची वाट बघावीच लागते. मोटर ८९ सेकंद गप्प राहिली हे ८९ सेकंद थांबल्याशिवाय कळत नाही.

म्हणून वेळ दहापट आखडली: कोडमधला गुणक १००० चा १०० केला. फेरी ५ मिनिटांत. पण फर्मवेअर दर १०० मिलिसेकंदांनी इनपुट बघते. ३ सेकंदांचे ०.३ झाले की एका फेरीचाच फरक ३३ टक्के. खोटे फेल यायला लागले, म्हणून सहनमर्यादा सैल केली. मग १७ पैकी १७ पास. त्या दिवशी वहीत 'झाले' असे लिहिले आहे. ते तसेच ठेवले आहे.

२४ मार्च

रात्रभर पूर्ण वेळेची फेरी लावली. सकाळी पाहिले तर लॅपटॉप पहाटे झोपलेला, सहा तास फुकट. त्यापुढे वेळेची नोंद पीसीवर नाही, चाचणी-बोर्डावरच.

२५ मार्च

पूर्ण वेळेवर १७ पैकी ११ फेल. (२१ मार्चपर्यंतच्या फेऱ्यांत चालू-बंदचा क्रमच जुळवला होता, सेकंद नाही.) विश्रांती ९० सेकंदांऐवजी २४.३ सेकंदांत संपते.

कॉन्फिगमध्ये विश्रांती ८ बिटांत सेकंदांनी आहे: ९०. तिला १००० ने गुणून १६ बिटांच्या चलात टाकले आहे. ९०,००० त्यात मावत नाही. ६५,५३६ वजा झाले की उरतात २४,४६४. म्हणजे जागेवर बसवलेला प्रत्येक कंट्रोलर मोटरला २४ सेकंदांत परत सुरू करत होता आणि हातात घड्याळ घेऊन कुणी बसले नव्हते. दहापट आखडल्यावर आकडा ९,००० होतो आणि १६ बिटांत मजेत मावतो. आम्ही वेळ वाचवली तिथेच दोष लपला.

चल ३२ बिटांचे केले. नेहमीच्या 'सर्व इशारे' पर्यायाने कंपाइलर यावर काही बोलत नाही, रूपांतरणाचा इशारा वेगळा चालू करावा लागतो. तो चालू केल्यावर आणखी ६ ओळी दिसल्या, पैकी एकच धोक्याची.

आता नियम असा: आखडलेली फेरी फक्त तर्क बघायला, दिवसा. पूर्ण वेळेची रोज रात्री. आखडलेल्या फेरीत पास झाले म्हणून काहीही बाहेर जात नाही.

२६ मार्च

दुरुस्तीनंतर विश्रांती ८९.४ सेकंद. फेल, कारण मागणी किमान ९०. कालच्या २४.४६४ ला २४.३ का दिसले होते तेही आता कळले: दोन्हींचे गुणोत्तर तेच, ०.९९३. कंट्रोलरचा आतला दोलक ०.७ टक्के पुढे पळतो. एफ१०३च्या पत्रकात त्याची हद्द पूर्ण तापमानाला उणे २ ते अधिक २.५ टक्के दिली आहे, तेव्हा हा बोर्ड दोषी नाही. ९० चे १.०२५ पट ९२.२५, म्हणून कोडमध्ये ९३ ठेवले. खूण फ.

उलट वॉचडॉगच्या (कोड अडकला तर बोर्ड रीसेट करणाऱ्या घड्याळाच्या) चाचणीत मॉडेलच बदलावे लागले. वॉचडॉग एलएसआयवर (चिपमधल्या वेगळ्या, ढोबळ दोलकावर) चालतो आणि तो ४० किलोहर्ट्झ म्हटला तरी ३० ते ६० मधे कुठेही असू शकतो. २ सेकंदांचा वॉचडॉग प्रत्यक्षात १.३३ ते २.६७ सेकंद. नेमका आकडा मागणे हाच अडाणीपणा. पट्टा मागा. खूण स्पे.

२८ मार्च

चाचण्यांचीच परीक्षा. कोडमध्ये हाताने २४ दोष पेरले, एका वेळी एक: 'पेक्षा मोठे किंवा समान'चे 'पेक्षा मोठे', ८ चे ७, अट उडवणे, बझर विसरणे वगैरे. पकडले १७. निसटले ७. त्यातले २ पेरूनही वागणे बदलत नव्हते, ते सोडा.

उरलेले ५ एकाच जातीचे. प्रत्येक संक्रमण एकदा घडवले एवढेच सापळे सांगत होते. ८ सेकंदांनी मोटर बंद होते हे तपासले, पण ७ सेकंदांनी करंट परत आला तर ती बंद होऊ नये हे नाही. 'सलग' या शब्दाची चाचणीच नव्हती. करंट मधेच परत आल्यावर मोजका शून्य न करणारा पेरलेला दोष म्हणूनच निसटला. चारही मोजक्यांना हद्दीच्या अलीकडे एक आणि हद्दीवर एक असे ८ सापळे, शिवाय 'सलग' तुटण्याचे २. आता २७ चाचण्या, पूर्ण वेळेला ७५ मिनिटे. २२ पैकी २२ पकडले.

३१ मार्च

(काल गुढीपाडवा, सुटी.)

मॉडेलचे घड्याळ आपल्या मर्जीने मोजते, बोर्डाचे मिलिसेकंद ३२ बिटांत भरतात आणि ४९.७ दिवसांनी शून्यावर येतात. स्पेकमध्ये हे नाही, म्हणून स्पेकमधून निघालेली एकही चाचणी तिकडे फिरकत नाही. ४९ दिवस कोण थांबणार? चाचणीच्या बिल्डमध्ये टिकची (बोर्डाच्या मिलिसेकंद-मोजणीची) सुरुवातच अशी ठेवली की वीज दिल्यावर २ मिनिटांनी ते उलटेल. तीच २७ चाचण्यांची फेरी पुन्हा.

२ फेल. कोडमध्ये 'आता' हे 'सुरुवात अधिक मुदत' यापेक्षा मोठे आहे का, असे विचारले आहे. विश्रांती उलटण्याच्या जरा आधी सुरू झाली तर बेरीज उलटून लहान होते, 'आता' अजून प्रचंड, आणि विश्रांती त्याच क्षणी संपते. 'आता वजा सुरुवात' मुदतीइतके झाले का, असे विचारले की चिन्हरहित गणितात उलटणे आपोआप निस्तरते. चार जागी बदलले. फ.

३ एप्रिल

जिग आवरून एका पट्टीवर सोल्डर केले, ब्रेडबोर्डच्या सैल तारांनी दोन खोटे फेल दिले होते. वही: स्पे ६, जि ९, फ ७. दिवस २२ धरले होते, लागले ३२.

५ एप्रिल

२७ पैकी २७ पास, पूर्ण वेळ, टिकच्या दोन्ही सुरुवातींनी (शून्यापासून आणि उलटण्याच्या जवळून). मग एका घरी, लांब आणि बारीक तारेवर लावून पाहिले. मोटर सुरू झाली की व्होल्टेज १८० च्या खाली जाते. ३ सेकंदांनी बंद. बंद झाली की व्होल्टेज परत वर. ९३ सेकंदांनी पुन्हा सुरू. तासाला ३६ वेळा, आणि प्रत्येक वेळी मागणीपत्रकाला अगदी धरून.

मॉडेलमध्ये व्होल्टेज हे मोटरशी संबंध नसलेले इनपुट होते. सापळ्याला हवे तेव्हा वर, हवे तेव्हा खाली. मोटरच ते खाली ओढते ही गोष्ट मॉडेलला कुणी सांगितलीच नव्हती. खूण स्पे, सातवी. बदल: बंद १८० ला, पण परत सुरू १९५ नंतरच, आणि व्होल्टेजने लागोपाठ तीनदा बंद झाली तर कुलूप. मॉडेलमध्ये 'मोटर चालू असताना व्होल्टेज घसरू शकते' अशी परिसराची वेगळी अवस्था घातली. तीन नवे सापळे, तिन्ही खोडले गेले. आज रात्री ३० चाचण्यांची फेरी लावली आहे.